एकवीस पुरुषांचे रोट

गिरधर झिपरू पाटील यांचा देवावर विश्वास नव्हता असं कोणी म्हणू नये. होता, पण मोठ्या कामांपुरता. पाऊस, पटकी आणि धुळ्याला शिकणाऱ्या मुलाची मॅट्रिक ही तीन खाती त्यांनी देवाकडे दिलेली होती. बाकीचं सगळं, म्हणजे काड्यापेटीत काड्या किती उरल्या इथपासून पायताणाला खिळा कधी मारायचा इथपर्यंत, ते स्वतः पाहत. नंदुरबारच्या कचेरीत अठरा वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला कामाची वाटणी कळते. वरिष्ठांनी मोठे हुकूम काढावेत, बारीकसारीक खालच्यांनी निस्तरावं, हा जगाचा रिवाज आहे आणि देव त्याला अपवाद असेल असं मानायला त्यांना काही कारण सापडलं नव्हतं.

हा रिवाज बिघडला तो एका छत्रीपायी. कचेरीत गिरधरच्या शेजारच्या मेजावर शमुवेल नावाचा कारकून बसे. नवापूरकडच्या डोंगरातला, ख्रिस्ती घरचा, अक्षर सुरेख आणि बोलणं कमी. त्याची छत्री स्टेशनावर हरवली. दुसऱ्या कोणी हळहळ केली असती, याने सकाळी प्रार्थना केली आणि कामाला लागला. तिसऱ्या दिवशी नवापूरचा एक माणूस छत्री घेऊन कचेरीत हजर झाला.

"छत्रीसारखी वस्तू देवाला सांगता तुम्ही?" गिरधरने विचारलं.

"पाटील, ज्याला आभाळ सांभाळता येतं त्याला छत्री जड नाही," शमुवेल म्हणाला आणि टाक दौतीत बुडवून पुढची ओळ लिहू लागला.

हे वाक्य गिरधरला लागलं. आपण आजवर देवाला जवळजवळ बिनकामाचं बसवून ठेवलं, असं त्यांच्या मनात आलं. तीन खाती देऊन आपण त्याचा मान राखला असं वाटत होतं, प्रत्यक्षात तो अपमान होता. त्या दिवसापासून लहानसहान सगळ्या गोष्टी देवावर सोपवायच्या असं त्यांनी ठरवलं, आणि सुरुवात म्हणून दुसऱ्या दिवशी कचेरीला जाताना घराची कडी घातली नाही.

देवाने घर राखलं. चोर आला नाही. शेजारच्या भिला नावाच्या गृहस्थाची बकरी मात्र आली, आणि तिने खुंटीवरून लोंबणारं पंचांग श्रावणापासून पुढे खाऊन टाकलं. आषाढ तिने ठेवला होता, पण तो संपलेला होता. गिरधरने याचाही चांगला अर्थ लावला. तिथी पाहणं हीसुद्धा बारीक बाब आहे, देवाने ती आपल्याकडे घेतली, इतकंच. भिला मिरचीच्या वखारीत तोलारी, म्हणजे माल तोलणारा, होता, साठीचा, आणि सल्ला देण्याच्या बाबतीत सढळ हाताचा. तो म्हणाला, "पाटील, बकरीनं पोट दुखी ऱ्हायनं. तुमना पंचांगले खळ कसानी लायेल व्हती?"

एवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्ट सांगावी लागली नसती. पण नागपंचमी झाली आणि कानबाई आली.

खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. चौरंगावर नारळाची देवी मांडायची, नथ घालायची, आणि रोट करायचे. रोट म्हणजे जाड पोळ्या, सोबत लाल भोपळ्याची भाजी आणि खीर. गिरधरच्या घराण्यात रोटांचा नियम कडक होता. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा शेर गहू घ्यायचे, घरच्या जात्यावर दळायचे, आणि ते पीठ पौर्णिमेच्या आत संपवायचं. खायचं ते फक्त कुळातल्या माणसांनी. लेक लग्न होऊन गेली की तिलाही चालत नाही, मग शेजाऱ्याची गोष्टच सोडा.

गिरधरच्या घरात पुरुष दोन, ते आणि मुलगा. अडीच शेर. गेली नऊ वर्षं हाच आकडा होता. त्याआधी असं नव्हतं. त्याआधी कानबाई एकच होती, रनाळ्याला, थोरल्या भावाच्या घरी, आणि घरभर माणसं जेवत. नवल हा थोरला भाऊ. शेती तो करी, गिरधर सुट्टीला जाऊन वाटणीचं धान्य आणी. मग एका वर्षी दोघांच्या वावरांमधल्या बांधावरच्या बाभळीवरून बोलाचाली झाली, आणि गिरधरने कचेरीत बसून भावाला नोटीस लिहिली. "सदरहू बाभळीच्या फांद्या आजपासून एक महिन्याचे आत न छाटल्यास" वगैरे. मसुदा इतका झकास उतरला होता की गिरधरने तो दोनदा स्वतःशीच वाचून पाहिला. पण नवलला वाचता येत नव्हतं. त्याला ती नोटीस गावच्या चावडीवर, चारचौघांत, तलाठ्याकडून वाचून घ्यावी लागली. नवलने बाभूळ मुळापासून तोडली आणि बोलणं थांबवलं. त्या श्रावणात त्याने बोलावलं नाही, यांनी विचारलं नाही, आणि गिरधरने नंदुरबारला आपली वेगळी कानबाई मांडली. हे दुखणं गिरधरने देवाकडे सोपवलं नव्हतं. लहान बाबींत ते बसत नव्हतं आणि मोठ्या बाबींत घालायची त्यांना लाज वाटे. कचेरीतून घरी येताना रनाळ्याच्या बाजूची गाडी दिसली की ते खाली बघून चालत.

तर शुक्रवारी छबूबाईने, म्हणजे गिरधरच्या बायकोने, दरवर्षीचा प्रश्न विचारला.

"पीठ कितलं दळानं?"

"देवले इचारतस," गिरधर म्हणाले.

"देवले कसाले? दोन माणसं शेतस. अडीच शेर."

पण गिरधर पाटावर बसले होते. भगत लोक कौल घ्यायला दाणे पाहतात तसं त्यांनी देव्हाऱ्यापुढे ज्वारीचं सूप ठेवलं, डोळे मिटले, चिमूट भरली आणि पाटावर सोडली. दाणे मोजले. एकवीस भरले. त्यांनी परत मोजले, कारण सवय जात नाही. एकवीसच होते.

"एकवीस पुरुष," ते हलक्या आवाजात म्हणाले. "सव्वासव्वीस शेर."

छबूबाई दाण्यांकडे बघत राहिली. "देवनी एकवीस सांगं नही," ती म्हणाली. "तुमनी चिमूट मोठी शे."

"एकवीस जण जेवणार शेतस. कोण, कोठेथून, हाई त्यानं काम. आपलं काम पीठ दळानं."

दळायचं काम 'आपलं' म्हणजे कोणाचं, हे दोघांनाही माहीत होतं. एरवी छबूबाईने अशा हुकमाची धिंड काढली असती. या वेळी तिने नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, पदर खोचला आणि जात्याशी बसली. शुक्रवार संपूर्ण आणि शनिवार दिवे लागेपर्यंत घरात घरघर चालली होती. गिरधर मधूनमधून डोकावून "देव बळ देतोच" असं म्हणत आणि तिच्या नजरेला नजर न देता परत जात.

रविवारी कानबाई बसली. गिरधर धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर आपण आणि मुलगा सोडून उरलेल्या एकोणीस माणसांची वाट पाहत बसले. सकाळी कोणी आलं नाही. दुपारी धुळ्याहून मुलाचं पत्र आलं की परीक्षा आहे, येता येत नाही, म्हणजे आता वीस माणसं यायची राहिली. तिसऱ्या प्रहरी एक अनोळखी गृहस्थ थेट ओट्यापाशी येऊन थांबला. गिरधरने उठून त्याचं स्वागत केलं, पाणी दिलं, आणि मग कुळ विचारलं. तो सुरतेकडचा मिरचीचा व्यापारी निघाला. त्याला वखारीचा रस्ता हवा होता.

शेवटी कुळातलं एकच माणूस आलं, ती दगूबाई. गिरधरची चुलत आजी, वय ऐंशीच्या पुढे, राहायला गल्लीच्या टोकाला. रीतीभातीत तिचा शब्द शेवटचा आणि तोंडात दात एकही नाही. तिने पाव रोट दुधात भिजवून खाल्ला आणि कोपऱ्यातली पिठाची रास पाहिली.

"एवढं कोणाना नावनं?"

"देवनी सांगं," गिरधर म्हणाले.

"हां," दगूबाई म्हणाली. तिने हे ज्या आवाजात म्हटलं तो गिरधरला आवडला नाही.

सोमवारी वाजतगाजत कानबाईचं विसर्जन झालं. श्रावणी सोमवार म्हणून दिवसभर उपास होता. संध्याकाळी नवराबायकोने मिळून चार रोट खाल्ले. मंगळवारी सकाळी गिरधरने कंबर कसली, मांडी ठोकून पानावर बसले, पहिला घास उचलला, आणि दारातून दगूबाई म्हणाली, "आज एकादस शे ना रे?" घरात पंचांग असतं तर हे आधी कळलं असतं, आणि पंचांग बकरीच्या पोटात होतं. घास परत ताटात गेला. पौर्णिमा शनिवारी होती. खायला बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार असे तीन दिवस राहिले, खाणारी माणसं अडीच, आणि पीठ अजून चोवीस शेरांवर होतं.

बुधवारी गिरधरने सकाळी तीन रोट खाल्ले, दुपारी तीन खाल्ले, आणि पोटावर हात ठेवून दगूबाईकडे गेले. पीठ गाईला घातलं तर?

"गाय आपला कुळनी शे का?" दगूबाईने विचारलं.

नदीत सोडलं तर?

"चिमूटभर उरनं ते सोडतस. हाई रास सोडी का? ज्याना नावना रोट, तो माणूसच वाहाडी दिधा म्हणजे. आते सांग, कोणले वाहाडस?"

गिरधरला घाम फुटला. नावं घेतलेलीच नव्हती, त्यामुळे कोण वाहून जाईल याचा काही नेम नव्हता. मुलगा तर त्यात नक्की होता.

भिलाने यावर तोडगा काढला. रोटांचा वास चार दिवस भिंतीपलीकडून येत होता, त्यामुळे त्याला या प्रकरणात आस्था निर्माण झाली होती. "पाटील," तो म्हणाला, "मले दत्तक ल्या. चार दिन. पुनीनंतर मी मन्हा घर निंघी जासू."

एरवी गिरधर हसले असते. पण बुडत्याला काडीचा आधार. त्यांनी दत्तकपत्राचा मसुदा मनात घोळवत दस्त नोंदणाऱ्या ओळखीच्या कारकुनाला गाठलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन प्रश्न विचारले. दत्तक जाणाऱ्याचं वय काय? साठ. घेणाऱ्याचं? शेहेचाळीस. कारकुनाने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "पाटील, रजा घ्या थोडी."

तो सल्ला गिरधरने शब्दशः घेतला. दोन दिवस घरी बसून खाल्लं तर निदान दहा-बारा रोट जातील असा त्यांचा अंदाज होता. खोटं लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून अर्जात कारण लिहिलं, "धार्मिक रोट भक्षणार्थ." अर्ज तासाभरात परत आला. अव्वल कारकुनाने वर शेरा मारला होता: "इतरांनी हेच काम सुट्टीच्या वेळात केले आहे. अर्जदारास जादा वेळ का लागतो याचा खुलासा व्हावा." गिरधरने खुलासा लिहायला घेतला. दीड पान झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हा खुलासा दप्तरात कायमचा राहणार, आणि आपल्या मागे नातवंडं कचेरीत लागली तर ती तो वाचतील. त्यांनी तो फाडून टाकला.

शमुवेल हे सगळं पाहत होता. गिरधरने शेवटी त्याच्यावरच राग काढला.

"तुमच्या देवाने तुम्हाला छत्री आणून दिली. मी एकवीस माणसांचं काम सोपवलं, तर एक म्हातारी आली. तिलाही दात नाहीत."

शमुवेलने टाक खाली ठेवला. "मी छत्री मागितली होती, पाटील. तुम्ही काय मागितलं?"

गिरधर विचार करू लागले. त्यांनी काही मागितलं नव्हतं. देवाला काम नेमून दिलं होतं, मुदत दिली होती, आणि आता जाब विचारायची तयारी चालली होती. नोटीसच होती ती, फक्त लेखी नव्हती. हे ध्यानात आल्यावर त्यांना फार वाईट वाटलं, आणि आधीच भरलेलं पोट जास्त जड झालं.

संध्याकाळी छबूबाईने पुढ्यात ताट ठेवलं. गिरधरने नुसतं पाहिलं.

"रनाळाले जा," ती म्हणाली. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदा सल्ला दिला होता. "त्यासना घर नऊ माणसं शेतस, पोऱ्या दांडगा शेतस. कुळ आपलंच शे."

"पत्र लिखी देस," गिरधर म्हणाले.

"पत्रच लिखं व्हतं नऊ वरीसपहिले."

गिरधर हळूच म्हणाले, "आणि त्यानी नही म्हनं तर?"

"तर नही म्हनं. रोट तसा बी ऱ्हातस."

गुरुवारी सकाळी एक दिवसाची रजा, कारण "घरगुती", असं लिहून ते बैलगाडीने रनाळ्याला निघाले. गाडीवान ओळखीचा होता. त्याने वाटेत दोनदा "बऱ्याच दिसमा?" असं विचारलं, आणि दोन्ही वेळा गिरधरने पिकांची चौकशी केली. बांधाजवळून गाडी गेली तेव्हा बाभळीच्या जागी नुसतं मोकळं आभाळ दिसलं. त्यांनी मान वळवली नाही, पण दिसायचं ते दिसलं.

नवल अंगणात खाटेवर बसून अंबाडीचा दोर वळत होता. केस पांढरे झाले होते. नऊ वर्षांत माणसाचे केस पांढरे होणारच, पण गिरधरने ते होताना पाहिले नव्हते, म्हणून त्यांना धक्का बसला. नवलने वर पाहिलं. दोर थांबला.

"बठ," तो म्हणाला.

नवलची बायको रेवाबाई पाणी घेऊन आली, तांब्या ठेवला, आणि आत न जाता दारातच थांबली. गिरधरने वाटेत तोंडपाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. "यंदाच्या कानबाईच्या प्रसंगी काही अनपेक्षित कारणांमुळे" इथपर्यंत ते आले आणि आपण परत मसुदाच बोलतो आहोत हे त्यांना कळलं. मग त्यांनी सगळं आपल्या बोलीत सांगून टाकलं. छत्री, बकरी, चिमूट, एकादशी, भिलाचं दत्तक, काही म्हणता काही राखून ठेवलं नाही. रेवाबाई पदर तोंडाला लावून हसली. नवल हसला नाही.

"एकवीस," तो म्हणाला. "कोणाकोणाना नावना?"

"नावं नही लिधी."

"नाव नही लेता गहू दळात?"

"हो."

नवलने दोराला एक पीळ दिला. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "ते आन."

रेवाबाई आत गेली आणि फडक्याने झाकलेली टोपली घेऊन आली. टोपलीत रोट होते. त्यांच्या दोन चवडी वेगवेगळ्या रचलेल्या होत्या.

"हाई तुन्हं," नवलने एका चवडीकडे बोट दाखवलं. "हाई तुन्हा पोऱ्यानं."

गिरधरला कळेना.

"दर वरीसले दळस," नवल म्हणाला. "सव्वा शेर तुन्हा नावनं, सव्वा शेर त्याना नावनं. तू येस नही. दुसरा कोणले देता येत नही. नऊ वरीसपाईन तुन्हा वाटाना मीच खाई ऱ्हायनू."

"पण आपलं ते..." गिरधर अडखळले. "मी नोटीस दिधी व्हती."

"दिधी व्हती ना. तलाठीनी दोनदाव वाची दाखाडी." नवलने दोर बाजूला ठेवला. "त्यामा बाभूळनं लिखेल व्हतं, ती मी तोडी टाकी. नावनं काहीच लिखेल नव्हतं. मंग नाव कसं काढानं?"

गिरधरच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. अठरा वर्षांत त्यांनी हजारो खुलासे वाचले होते, पण त्यांत असा एकही नव्हता. आपण दरसाल अडीच शेर दळले, त्यात भावाचं नाव एकदाही घेतलं नाही, हे त्यांना आत्ता आठवलं आणि खाटेवर बसवेना. ते उतरून जमिनीवर बसले.

"उद्या दोन गाड्या जुपसूत," नवल म्हणाला. "सगळा येतस तुन्हा घर. तुन्हा एकवीसनं काय ते पाही लिसूत. पण पहिले हाई खाय. आते मले पचत नही."

रेवाबाईने ताट मांडलं. भोपळ्याची भाजी वाढली, दूध ओतलं. गिरधरच्या पोटात खरोखर तीळ ठेवायला जागा नव्हती. बुधवारचे सहा रोट अजून तिथेच होते. त्यांनी पहिला घास मोडला आणि खाल्ला. मग दुसरा. नवल समोर बसून पाहत होता, त्याने उठायची काही घाई केली नाही. पहिली चवड संपायला दुपार झाली. गिरधरने कडोसरी सैल केली, तांब्याभर पाणी प्यायलं, आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

"आजून पोऱ्यानं ऱ्हायनं," नवल म्हणाला. "नको व्हई तर ऱ्हाऊ दे. इतला वरीस खादं, हाई बी खासू मी."

गिरधर सरळ बसले आणि ताट पुढे सरकवलं.

"वाढ, भो," ते भावाला म्हणाले.